दहा लाख तीनचा ताळा

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी उदगीरला मुलीकडं होतो. त्यांची लेक सुनंदा रडत होती आणि मी तिला विचारलं, "नक्की का?" त्याची आजही लाज वाटते. पण भालकीच्या एकाच शाळेत आम्ही जन्म काढला, मी मराठी शिकवायचो आणि ते गणित, आणि ही खोड त्यांनीच मला लावली... ताळा केल्याशिवाय काही खरं मानायचं नाही. उदगीरची पाटी लावलेल्या बसमध्ये चढतानाही अप्पा कंडक्टरला दोनदा विचारायचे.

निवृत्तीनंतर अप्पांच्या जावयानं त्यांना मोबाईलमध्ये बघून सांगितलं, की दहा लाख तीन ही मूळ संख्या आहे; एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. अप्पांना जेवण गोड लागेना. "मोबाईल म्हनायलाय म्हनून म्या कामून मानू?" हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं त्यांनी ठरवलं. हजार गुणिले हजार म्हणजेच दहा लाख, त्यामुळं त्यातल्या एकीनंही भाग गेला नाही, तर पुढं बघायची गरज नव्हती. एकूण एकशे अडुसष्ट भागाकार, हातानं, रोज एक पान. स्वतःच्या हातावरही त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून उलटा गुणाकार करून बाकी मिळवायची आणि खाली सही करायची, हे काम माझ्याकडं आलं.

पहिल्याच आठवड्यात मला त्यांचाच संशय आला. सातनं भागून बाकी चार, अकरानं चार, तेरानंही चार! "अप्पा, मागचंच उतरून काढायलाव का?" त्यांनी ओळीनं सहा वेळा नऊ लिहिला. त्या संख्येला या तिघांनीही पुरता भाग जातो, मग वर चार उरणारच. "शंका घेतलास, बरं केलास, काशिनाथ," ते म्हणाले. "सही करायच्या आधी असंच बघत जा." मी खजील झालो आणि तिथंच बिघडलो. अप्पांचं चुकणार नाही असं धरून चहा पीत पीत सह्या ठोकू लागलो.

तेराव्यानंतर सुनंदानं वही माझ्या हातात ठेवली. "काका, अप्पा म्हनलते, ही तुमालाच द्यायची." शेवटचं पान नऊशे सत्त्याण्णवचं होतं, बाकी बारा. भरून आलं... मग जुनी खोड उसळली आणि मी मागची पानं चाळू लागलो. तीनशे एकोणनव्वदच्या पानावर बाकी होती शून्य. म्हणजे भाग गेला, दहा लाख तीन मूळ नाहीच, सगळा खटाटोप पाण्यात! आणि खाली माझी झोकदार सही. अप्पा चुकले? पान उलटलं. मागं खरा भागाकार होता: भागाकार दोन हजार पाचशे सत्तर, बाकी दोनशे त्र्याहत्तर. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, "काशिनाथ बघायलाय का, ते बघायलोय." सहीची जागा कोरी होती.

म्हणजे त्यांना कळलं होतं. तरी शब्दानं न बोलता ते रोज वही माझ्यापुढं सरकवत राहिले. मला रागही आला आणि रडूही आलं. तिथंच, त्यांच्या टेबलाशी बसून, मी गुणाकार केला, बाकी मिळवली. दहा लाख तीन. पुन्हा एकदा केला आणि मग कोऱ्या जागेवर सही केली.

वही आता माझ्याकडं आहे. अशी आणखी किती पानं असतील, सांगता येत नाही. पहिल्यापासून रोज एक पान घेतो. ताळा जुळला, की जुन्या सहीशेजारी नवी सही करतो.