शेवटी राहिलेले घर

गेनूभाऊ मिस्त्रींना मी प्रथम पाहिले ते आमच्या अंगणात, माझ्या सासऱ्यांची बोलणी ऐकून घेताना. लग्न होऊन मी जुन्या बेलदऱ्यात आले होते आणि गावच्याच शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. सुनेला वह्या तपासायला निवांत जागा हवी म्हणून मामंजींनी घराला एक खोली जोडायचे ठरवले आणि गेनूभाऊंना बोलावणे धाडले. धरणाचे काम तेव्हा जोरात चालले होते. आज ना उद्या गाव पाण्याखाली जाणार हे सर्वांना ठाऊक होते. मामंजींना मात्र ते मान्य नव्हते. खोली चुन्यात, पक्की बांधा, असा त्यांचा हट्ट. गेनूभाऊंचे म्हणणे, मातीत बांधू, म्हणजे वेळ आली तर दगड न फुटता सुटे होतील. बांधायच्या आधीच पाडायची भाषा करणारा मिस्त्री मला नको, असे मामंजी त्यांना तोंडावर म्हणाले. गेनूभाऊंनी ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी आखणीची दोरी घेऊन हजर झाले. खोली मातीतच झाली.

आज गेनूभाऊंना साठ वर्षे पूर्ण होत असताना, नव्या बेलदऱ्याच्या या स्मरणिकेत त्यांच्याविषयी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आनंदाच्या प्रसंगी दुःखाच्या गोष्टी काढू नयेत असा संकेत आहे. पण त्या वगळून गेनूभाऊंविषयी खरे काही लिहिता येईल असे मला वाटत नाही.

बहात्तरच्या पावसाळ्यापूर्वी गाव रिकामे करण्याचा हुकूम आला. जुन्या गावातली निम्म्याहून अधिक घरे गेनूभाऊंनीच बांधलेली होती, त्यामुळे जो तो त्यांच्याच दाराशी गेला. घर उतरवणे हे पाडण्याइतके सोपे नसते. धाब्याची, म्हणजे सपाट छपरावरची, माती काढायची, वासे आणि तुळया खुणा करून सोडवायच्या, चौकटी अलगद सुट्या करायच्या आणि बैलगाड्यांतून नव्या जागी न्यायच्या. नवी जागा म्हणजे उघडा माळ, त्यात निम्मी जमीन काळ्या मातीची. तिथे मुरूम लागेपर्यंत खणल्याशिवाय गेनूभाऊ पायाचा पहिला दगड बसवू देत नसत. लोकांना घाई होती, काहींनी कुरकूरही केली. पण त्यांनी कुणाचाही पाया उथळ ठेवला नाही. ज्या घरी बाळंतीण वा अंथरुणाला खिळलेले माणूस, ते घर आधी, असा क्रम त्यांनी लावला. स्वतःचे घर त्यांनी सर्वांत शेवटी ठेवले.

आमची पाळी आली तेव्हा मामंजी ओट्यावर बसून राहिले. कुणी हात धरला तर झिडकारत. गेनूभाऊ त्यांच्याजवळ बसले. मग म्हणाले, "तात्या, हे घर माज्या हातचं हाय. मीच उतरवतो. दुसऱ्या कुनाचा हात लागू देत न्हाई." मामंजी उठले. दिवसभर गेनूभाऊंबरोबर उभे राहून, कुठली तुळई कुठल्या खणातली ते सांगत राहिले. संध्याकाळी मात्र उघड्या भिंतींकडे पाठ करून बसले ते जेवलेच नाहीत.

सामान नव्या जागी नेताना ओढ्याच्या उतारावर आमची एक गाडी कलंडली आणि पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या चिरफाळल्या. नव्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या, पण दाराच्या जागी पोत्याचा पडदा. बिनदाराच्या घरात मी राहणार नाही, असे मामंजी म्हणू लागले. सागवान त्या वेळी मिळत नव्हते. गेनूभाऊंच्या पत्नी भागाबाई यांच्या कानावर हे गेले. त्यांच्या घराचे दार लग्नानंतर पहिल्याच वर्षी गेनूभाऊंनी फुरसतीने केलेले होते; फळ्यांवर वेलबुट्टी, कड्यांना पितळी फुले. भागाबाईंनीच नवऱ्याला सांगितले, "आपलं घर व्हायला येळ हाय. तवर दार नुसतं पडून राहील. तात्यांच्या घराला लावा." गेनूभाऊंनी ते आणले, रंधा मारून आमच्या चौकटीत नीट बसवले आणि मोजमाप जुळल्याचे समाधान तेवढे बोलून दाखवले. पुढे मी ते परत द्यायला निघाले तेव्हा त्यांनी घेतले नाही. भागाबाईंनी दिलेली वस्तू मी कशी परत नेऊ, असे म्हणाले.

गावावर पाणी येणार म्हणून आम्ही घाईने बाहेर पडलो, आणि त्या वर्षी पाऊसच झाला नाही. धरण भरले नाही. जुने गाव कोरडेच राहिले, छप्पर नसलेल्या भिंतींचे. माणसे दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडत आणि वाट वाकडी करून आपापल्या जोत्यावर जाऊन बसत. त्या सगळ्या पडझडीत एकच घर धाब्यासकट उभे होते, ते गेनूभाऊंचे. ते उतरवायला त्यांना सवडच झाली नव्हती.

गेनूभाऊ आणि भागाबाई नव्या जागी सरकारी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. उन्हाने पत्रा दिवसभर तापे. भागाबाईंना खोकला लागला, मग ताप राहू लागला. नगरच्या दवाखान्यात नेऊन आणले, औषधे झाली, पण त्या उठेनात. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "बाई, ह्यांना सांगा, मला घरी न्या. पत्र्याखाली जीव घाबरा हुतो." मी निरोप दिला. गेनूभाऊंनी त्याच दिवशी गाडी जुंपली, खाली गवत पसरले आणि त्यांना ओसाड गावातल्या त्या घरात नेले. दाराच्या जागी त्यांनी गोधडी बांधली. दिवसा ते नव्या गावात लोकांचे पाये भरत, दुपारी जाऊन त्यांना पेज पाजत आणि पुन्हा कामावर येत. रविवारी मी जात असे. धाब्याकडे बघत पडले की बरे वाटते, असे भागाबाई म्हणत. तिथेच, आपल्या घरात, एका सकाळी त्या गेल्या.

लोक काहीबाही बोलले. आधी स्वतःचे घर बांधले असते तर बाई वाचली असती, हेही बोलले, आणि ते गेनूभाऊंच्या कानांवर गेले. तेराव्यानंतर ते आमच्या शाळेच्या खोलीची चौकट बसवायला आले होते. काम थांबवून त्यांनी मला विचारले, "तिचं घर आदी बांदाया पायजे हुतं का, बाई?" मग स्वतःच म्हणाले, "बांदलं असतं, तर जुनं उतरवावं लागलं असतं. मग तिला न्यायला जागाच न्हवती." असे म्हणून चौकट सरळ बसली का ते पाहायला त्यांनी ओळंबा उचलला. ते स्वतःची समजूत घालत होते की त्यांना खरोखरच तसे वाटत होते, हे मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाणी चढले. गाव बुडताना पाहायला सगळे टेकडीवर गेले होते. गेनूभाऊ आले नाहीत. एका विधवेच्या घराचे धाबे पावसाआधी बंद करायचे होते, तिथे ते होते. त्यांचे घर पाण्याबाहेर सर्वांत जास्त दिवस दिसत राहिले.

आज नव्या बेलदऱ्यात प्रत्येकाला घर आहे. गेनूभाऊंच्या वाट्याचा प्लॉट मोकळा आहे आणि ते अजून शेडमध्येच राहतात. आम्ही सर्वांनी मिळून बांधून देतो म्हटले तर हसून विषय बदलतात. त्यांच्यावर जबरदस्ती करण्याचा अधिकार आम्हांपैकी कुणालाही नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही पाहिली आहे. अंधार पडून ओळंब्याची दोरी दिसेनाशी होईपर्यंत ते काम सोडत नाहीत, कारण दिवस मावळताना जेवायला हाक मारणाऱ्या भागाबाई आता नाहीत आणि घरी वाट पाहणारे दुसरे कुणी नाही. या सत्काराच्या दिवशी शाल आणि श्रीफळ त्यांना दिले जाईलच. ते त्यांना आवडणार नाही, हेही मला माहीत आहे. पण गावातल्या बायकांनी आपसांत एक ठरवले आहे. यापुढे रोज दिवस मावळताना कुणी ना कुणी त्यांच्या कामावर जाऊन त्यांना जेवायला बोलावील, आणि ते उठेपर्यंत तिथेच उभे राहील. त्यांना उत्तम आरोग्य लाभो, हातातली थापी आणि रंधा त्यांना हवा तितका काळ चालत राहोत, आणि ही हाक ऐकून काम अर्धे टाकून उठण्याची सवय त्यांना पुन्हा लागो, एवढीच प्रार्थना.