गाडीच्या जागेवर खुर्ची

गाडी घ्यायची असेल तर आधी गाडी बघू नका. खाली उतरा, आपल्या बिल्डिंगच्या आवारात उभे राहा आणि चारी बाजूंना मान फिरवा. गाडी उभी करायला स्वतःची, कायमची, कोणाच्या बापाला हलवता येणार नाही अशी जागा दिसली तर पुढचं वाचा. नाही दिसली तर रिक्षा करा आणि सुखाने जगा. हे मला कोणी सांगितलं नाही असं नाही. बायकोने सांगितलं होतं. "ठेवणार कुठे?" एवढाच तिचा प्रश्न. मी म्हणालो, "अगं, आधी येऊ तर दे, जागा काय होईलच." माझ्या आयुष्याची निम्मी वाट या 'होईलच'ने लावली आहे.

गाडी घेतली बाबांसाठी. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. ट्रेनची पायरी चढवत नाही, एसटीत पाय दुमडून बसवत नाही. त्यांची मोठी बहीण, माझी आत्या, कणकवलीच्या पुढे गावाला. आई लवकर गेली, तेव्हा बाबांना तिनेच वाढवलं. ती शिमग्यापासून अंथरुणाला खिळली आणि रोज फोनवर एकच विचारायला लागली, "येतलस मरे?" बाबा म्हणायचे, "येतंय, येतंय." आणि फोन ठेवून गुडघ्यांवरून हात फिरवत बसायचे. ते बघून मी एका रविवारी उठलो आणि जोगेश्वरीला एका दलालाकडे जुनी गाडी बघायला गेलो.

मला गाडीतलं काय कळतं? काहीच नाही. म्हणून मी गंभीर चेहरा केला. टायरला बुटाने दोन लाथा घातल्या. का, ते विचारू नका. गाडी बघायला गेलेला प्रत्येक पुरुष घालतो. बॉनेट उघडून आत असं बघितलं की जणू माझ्याच हाताने जोडलेलं इंजिन बऱ्याच वर्षांनी भेटतंय. दलाल म्हणाला, "साहेब को गाडी की जानकारी है." मी तिथेच विकला गेलो. बॉनेटला हात लावला तेव्हा ते गरम होतं. मला वाटलं, उन्हात उभी आहे. गाडी शेडमध्ये होती! जुनी गाडी बघायला जाल तेव्हा आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करायची नाही. इंजिन गार असतानाच त्याचं खरं दुखणं ऐकू येतं. आमच्या दलालाने मी यायच्या आधी तिला चांगली तापवून ठेवली होती. सकाळी पहिल्यांदा सुरू होताना ती जुनाट दमेकऱ्यासारखी खोकते, हे मला ती मुलुंडला घरी आणल्यावर कळलं.

पण गाडीला मी दोष देणार नाही. माझा राग आहे आमच्या सोसायटीवर. जागा कमी, गाड्या जास्त, आणि नियम काय, तर जो आधी येईल त्याची जागा. जनरल बॉडीत दर वर्षी यावर भांडण होतं, समोसे येतात, भांडण थांबतं. जागांवर रेघा मारा, चिठ्ठ्या टाका, आळीपाळीने द्या, काहीतरी करा! नाही. "बघू पुढच्या मीटिंगला." गाडी आली त्या आठवड्यात पंपरूमच्या बाजूची, शेवग्याच्या झाडाखालची जागा नशिबाने रिकामी होती. मी गाडी तिथे घुसवली आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात त्या दिवशी मी अडकलो होतो.

कारण त्या जागेवर तिसऱ्या मजल्यावरच्याचा डोळा होता. त्याची काळी, अगडबंब, एखाद्या मंत्र्याच्या ताफ्यातून चुकून इथे राहिलेली गाडी. मी पेट्रोल भरायला गेलो की हा खिडकीतून बघायचा आणि मी येईपर्यंत त्याची गाडी तिथे. मग रात्रभर माझी गाडी नाल्याच्या कडेला. दोनदा असं झाल्यावर बाबा म्हणाले, "मी बसतंय खाली." घरातली पांढरी प्लास्टिकची खुर्ची त्यांनी शेवग्याखाली मांडली आणि जागा धरून बसले.

मी नको म्हणायला हवं होतं. मी काय म्हणालो? "बाबा, आयडिया झकास आहे."

खरंच झकास होती. तिसऱ्या मजल्यावरचा हॉर्न द्यायचा. "काका, खुर्ची जरा बाजूला घ्या ना."

"खुर्ची घेतंय रे," बाबा पेपरमधून मान वर न काढता म्हणायचे, "पण माका कोण उचलतलो?"

सगळी बिल्डिंग हसायची. मी पण हसायचो. मेव्हणीच्या मुलीचं लग्न होतं बोरिवलीला, आम्ही गाडीने गेलो, बाबा खुर्चीवर. दिवाळीत सासरी सांताक्रूझला गेलो, गाडीने, बाबा खुर्चीवर. बायको दर वेळी म्हणायची, "बाबांना घे ना रे." मी म्हणायचो, "मग जागा?" आणि वर बाबाच म्हणायचे, "तुमी जावा. मी हयसर बसतंय." गावाला जायचं तर सारखं पुढे जात राहिलं. आधी पाऊस, मग घाटातली दरड, मग मुलांच्या परीक्षा. ही सांगायची कारणं झाली. खरं कारण, गावाला गेलो तर चार दिवस खुर्चीवर कोण बसणार?

शेवटी मी गाडी बाहेर काढायचीच बंद केली. मोठ्या मनाने सगळीकडे रिक्षाने फिरायचो आणि खाली माझी गाडी जागा धरून उभी. गाडी फिरण्यासाठी घेतली आणि तिचा उपयोग काय, तर जागा अडवणं! दर रविवारी मी खाली जाऊन ती जागेवरच सुरू करायचो, पाच मिनिटं घरघर ऐकायचो आणि बंद करायचो. गाडी 'मेंटेन' करतोय या तोऱ्यात फडक्याने आरसा पुसायचो. हा शुद्ध गाढवपणा आहे, तुम्ही करू नका. अशी पाच मिनिटं सुरू करून बॅटरी भरत नाही; सुरू करताना जेवढी खर्च होते तेवढीही परत येत नाही. गाडीला आठवड्यातून एकदा तरी रस्त्यावर न्या, अर्धा तास नीट पळवा. एका जागी उभी ठेवली तर टायर खालून बसतात, ब्रेक गंजतात आणि गाडी आपली उरत नाही.

मधे एकदा आत्याने बाबांच्या ऐवजी मला फोनवर घेतलं. आवाज पार खोल गेलेला. "माझो भाव गाडीत बसता ना रे? कसा वाटता तेका?"

मी म्हणालो, "एकदम मजेत, आत्या."

"मगे घेवन ये मरे तेका."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की बाबा त्या गाडीत एकदाही बसले नव्हते. आणली त्या दिवशी हार घालताना दाराला हात लावला असेल तेवढाच. पुढच्या रविवारी नेतो असं मी ठरवलं. पुढच्या रविवारी. हे 'पुढच्या'सुद्धा त्या 'होईलच'चंच भावंड.

आणि मग एका सकाळी आत्याच्या सुनेचा फोन आला. आत्याने जेवण सोडलंय. ओळखते, पण बोलणं बंद झालंय. यायचं तर लगेच या.

मी किल्ली घेऊन खाली धावलो. किल्ली फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. डॅशबोर्डवर एक दिवासुद्धा नाही. बॉनेट उघडलं तर इंजिनच्या डोक्यावर एक छान, गोल, ऊबदार घरटं. शेवग्याची वाळकी पानं, गाडीच्या कव्हरची नाडी आणि बॉनेटच्या आतलं कापूस कापूस करून काढलेलं अस्तर. बाजूला वायरींचे कुरतडलेले तुकडे. मला इतका संताप आला की मी बॉनेट आपटलं, आणि आपटलं ते माझ्याच बोटावर.

नाक्यावरचा मेकॅनिक आला, वाकून बघितलं आणि हसत सुटला. "साहेब, ही गाडी आहे की उंदराचा वन रूम किचन? तुमच्यापेक्षा जास्त तोच राहिलाय इथे."

"जोक नको, आज चालू झाली पाहिजे."

"आज?" त्याने घरटं चिमटीत उचलून मला दाखवलं. "बॅटरी नवी लागेल. वायरिंग बघायला लागेल. टायर बसलेत. आजची गोष्ट कशाला करता?"

मी ओरडलो, हात जोडले, परत ओरडलो. पूर्ण दिवस गेला. भाड्याची गाडी करावी हे डोक्यातसुद्धा आलं नाही. तो दिवस मला अजून पचलेला नाही. मी आवारात येरझारा घालत होतो आणि बाबा, जायच्या तयारीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पिशवी मांडीवर धरून, त्याच खुर्चीत बसून होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना गाडी खोकून सुरू झाली. बायको मागे बसली. मी दार उघडून बाबांना हाक मारली. ते खुर्चीतून उठेनात.

"आणि जागा?" ते म्हणाले. "चार दिस जागेवर कोण बसतलो?"

समोर तिसऱ्या मजल्यावरचा दूध घेऊन परत येत होता. खिशात हात. त्या हातात किल्ली असणार याची मला खात्री होती.

माझं डोकं फिरलं. बाबांवर नाही. त्या माणसावरही नाही, खरं तर. बहीण तिकडे शेवटच्या घटका मोजतेय आणि हा म्हातारा माझ्या गाडीच्या जागेची काळजी करतोय, आणि ही काळजी त्याला लावली कोणी? मी! मी बाबांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं, गाडीत बसवलं, खुर्ची उचलली आणि डिकीत फेकली. तिसऱ्या मजल्यावरच्याला म्हणालो, "घे. घे तुझी जागा. कायमची घे. झाडासकट घे, उंदरासकट घे."

"अरे यार, मी कुठे काय म्हणालो?" तो म्हणाला. आणि खरंच, तो काहीच म्हणाला नव्हता.

दिवेलागणीला पोचलो. आत्या उजव्या कुशीवर, इवलीशी झालेली. बाबांना बघून तिचे डोळे हलले. बाबांना खाली बसवेना, खाट बुटकी, घरात होतं ते एक स्टूल, त्यावर त्यांचे गुडघे वाकेनात. सून गोंधळली. मी डिकीतून खुर्ची आणली आणि खाटेला लावली. बाबा बसले. आत्याने त्यांचं मनगट धरलं. महिनोन्‌महिने फोनवर "येतलस मरे?" विचारत होती, आणि भाऊ आला तेव्हा तिच्यापाशी एक शब्द उरला नव्हता. हे मी कोणावर ढकलू? सोसायटीवर? उंदरावर?

मी बाहेर येऊन बॉनेट उघडलं आणि ऑइल बघायला लागलो. तापलेल्या इंजिनचं ऑइल लगेच बघू नये, गाडी सपाट जागी थांबवून थोडा वेळ जाऊ द्यावा, तेव्हाच पट्टीवरची खूण खरी दिसते. मला हे ठाऊक होतं. तरी मी पट्टी काढत होतो, पुसत होतो, परत घालत होतो. आतून बाबांचा आवाज येत होता. ते तिला गाडीबद्दल सांगत होते.

"पुढची सीट मागे सरकता. पाय पसरून इलंय. गुडघे दुखाक नाय अजिबात."

आत्या तिसऱ्या दिवशी गेली. बाबांचं मनगट तिच्या हातात होतं.

कार्य आटपून निघताना मी खुर्ची उचलायला गेलो. बाबा म्हणाले, "ऱ्हांवदे थंयच. कोण इलो गेलो तर बसाक होयी."

मुलुंडला आलो तर शेवग्याखाली काळी गाडी. अपेक्षेप्रमाणे. मी शिव्या घालत गेटमधून परत बाहेर आलो. एक गल्ली, दुसरी गल्ली, नाल्याची कडा, शाळेची भिंत, सगळीकडे गाडीला गाडी चिकटलेली. ज्याच्या घरी लावायला जागा नाही त्याला गाडी विकतातच कशी, घेतातच कशी, आणि मी तरी कशी घेतली, असा माझा सगळा संताप परत उकळी फुटून वर आला. तिसऱ्यांदा तीच गल्ली आली तेव्हा मी स्टिअरिंगवर मूठ आपटली.

बाजूच्या सीटवर बाबांनी पाय आणखी थोडे पसरले. काच खाली केली, कोपर बाहेर टेकवलं.

"घाई कित्याक?" ते म्हणाले. "वायच आणखी फिर."