माझ्या मुलीचं नाव सिकुदानी

"नाव सांग बाळा, मोठ्याने," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी माइक माझ्या पोरीच्या तोंडासमोर धरला.

"माझं नाव सिकुदानी."

मॅडमनी माइक परत स्वतःकडे ओढला. "काय? काय म्हणालीस?"

"सिकुदानी."

मॅडम हॉलकडे बघून हसल्या. "अगं बाई! मला आधी पिकदाणीच ऐकू आलं!"

हॉल हसला. दार्सैतमधला हॉल. मस्कतची बहुतेक मराठी कुटुंबं त्या दिवशी तिथे होती. मागून कोणीतरी पुरुष ओरडला, "वन्स मोअर!" परत हसले. माझी पोर सहा वर्षांची. स्टेजवर उभी, पिवळा फ्रॉक, दोन वेण्या. सगळे हसतायत म्हणून तीही हसली.

ते हसणं मला अजून दिसतं. लोकांचं नाही. तिचं.

मुलांनी मराठीतून स्वतःची ओळख करून द्यायची, अशी स्पर्धा होती. इथली मुलं शाळेत इंग्रजी बोलतात, मराठी बोलताना अडखळतात, म्हणून. महिनाभर मी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. माझं नाव सिकुदानी. माझ्या नावाचा अर्थ आहे, 'मला वाटलं नव्हतं'. मी सहमला राहते. आमच्या शेजारी बीबी राहते. अशी आठ-दहा वाक्यं. तिला पहिल्या वाक्याच्या पुढे जाऊच दिलं नाही. मॅडमनी तिच्या गालाला हात लावला आणि माइकवर सांगितलं, "आपण हिला सिया म्हणू या. किती गोड! सियासाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. पोर खाली आली. हातात चॉकलेट.

नंतर चहाला मॅडम मुद्दाम माझ्याकडे आल्या. माझा नवरा ज्या कंपनीत एसीचं काम करतो, तिथल्या मॅनेजरसाहेबांच्या त्या मिसेस. पुण्याच्या. त्यांच्या मुलीचे लहान झालेले फ्रॉक आमच्याकडे यायचे. तो पिवळा फ्रॉकही त्यांचाच.

"वाईट नको हं वाटून घेऊस," त्या म्हणाल्या. "पण हे नाव ठेवलं कुणी? अगदी हबशी वाटतं. तुमच्यात चालतं का असं काहीही?"

तुमच्यात.

आमचं आडनाव त्यांना माहीत होतं. कोकणातलं गाव माहीत होतं. वाडी कुठली, ते आडनावावरून त्यांनी केव्हाच ओळखलं होतं. आम्ही बौद्धवाडीतले. त्या एका शब्दात त्यांनी मला परत गावाच्या बाहेर नेऊन उभं केलं. मस्कतमध्ये. हातात चहाचा कप असताना.

नवरा बाजूलाच होता. म्हणाला, "सिया चांगलं आहे मॅडम. चालेल की."

आता नाव कुणी ठेवलं ते सांगते.

सिकुदानीच्या आधी मला मुलगा झाला होता. तो जगला नाही. आठवडासुद्धा नाही. दवाखान्यातून मी रिकाम्या हातांनी घरी आले. दूध येत होतं आणि प्यायला कोणी नव्हतं. त्याला इथेच मातीत ठेवला. नवरा गेला होता, मला नेलं नाही. गावाला फोन केला तर आई तिकडे रडायची, मी इकडे. मग फोन करणंच सोडलं.

सहमला, मस्कतपासून दोन-अडीच तासांवर, आमची खोली एका ओमानी घराच्या मागे. त्या घरातली म्हातारी म्हणजे बीबी. तिला सगळेच बीबी म्हणायचे. ती जन्मली झांझिबारला. तरुणपणी तिकडून सगळं सोडून यावं लागलं. घरात अरबी बोलायची, पण चिडली किंवा रडली की तिकडची स्वाहिली. आमच्याशी मोडकीतोडकी हिंदी.

एका दुपारी तिने दार वाजवलं. हातात वाडगं. तांदळाच्या पिठाची पेज, आमच्याकडे करतात तशीच, फक्त त्यात नारळाचं दूध आणि वेलची. माझ्या शेजारी खाली बसली. पाठीवरून हात फिरवत नुसतं म्हणत राहिली, "पोले. पोले, बेटी. पोले." मला अर्थ माहीत नव्हता. विचारावाही लागला नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळेपणाने रडले. ती रोज यायला लागली. मी पेज संपवेपर्यंत उठायची नाही.

डॉक्टर म्हणाले होते, पुढे मूल राहणं कठीण आहे. आम्ही आशा सोडली होती. आणि पोर राहिली. झाली. जगली. बाविसाव्या दिवशी की पंचविसाव्या, आता आठवत नाही, बीबीने तिला मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या आईची गोष्ट सांगितली. बीबीच्या आजीची आधीची पोरं दगावली होती. मग मुलगी झाली आणि वाचली. आजी म्हणाली, सिकुदानी. "मतलब, मैं सोचा नहीं था," बीबी म्हणाली. "मैं सोचा नहीं था, तुम आएगा." तेच त्या मुलीचं, म्हणजे बीबीच्या आईचं, नाव पडलं. तिकडे बेटावर बाईचं नाव असंच असायचं म्हणे. ती जन्मली तेव्हा घरात काय चाललं होतं, ते नावात. संकट असलं तर संकट. दुःख असलं तर दुःख.

"पहले बहुत था ये नाम," बीबी म्हणाली. "अभी तिकडे बुड्ढी लोग का है. इधर खलास." 'तिकडे' हा एक मराठी शब्द ती माझ्याकडून शिकली होती. तिच्या नातीच्या वेळी तिने हे नाव सुचवलं होतं. मुलगा नको म्हणाला. म्हणाला, आई, लोक आधीच आपल्याला तिकडचे म्हणतात, आता पोरीच्या कपाळावर लिहू का?

मला माझे आजोबा आठवले. कचरू. त्यांच्या आधीची भावंडं गेली, म्हणून मरणाची नजर पडू नये असं नाव. वरच्या आळीतही एक कचरू होता, त्याच कारणाने. तो मोठा होऊन कचरूशेठ झाला. माझे आजोबा म्हातारे होऊन मेले तरी कचऱ्याच. नाव एकच, कारणही एकच.

मी नवऱ्याला सांगितलं, पोरीचं नाव सिकुदानी. तो हसला, पण मानला. त्याच्याही मनात तेच होतं. वाटलं नव्हतं.

शाळेत या नावाला कोणी हसलं नाही. तिथे मल्याळी, तमिळ, युपीची मुलं. तिथे प्रत्येकालाच दुसऱ्याचं नाव नवीन. या नावात पिकदाणी ऐकू आली ती फक्त आपल्या भाषेच्या माणसांना.

त्या दिवशी हॉलमधून आम्ही संध्याकाळी निघालो. वाटेतलं खाबुरा मागे पडल्यावर पोरीने विचारलं, "आई, पिकदाणी म्हणजे काय?"

मी खोटं बोलले नाही. "थुंकायचं भांडं."

आमच्या माणसांच्या गळ्यात एके काळी मडकं बांधायचे, रस्त्यावर थुंकी पडू नये म्हणून. हे मी लहानपणी वाडीतल्या जयंतीच्या भाषणात ऐकलं होतं. ते तिला सांगितलं नाही. सहा वर्षांच्या पोरीला ते कसं सांगणार? पण हॉलमध्ये सगळे हसत होते तेव्हा मला ते मडकंच दिसत होतं. तिच्या गळ्यात. पिवळ्या फ्रॉकवर.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग मी सियाच आहे."

"राहू दे ना," नवरा म्हणाला. "पुढे शाळा, नोकरी, सगळं सोपं जाईल तिला."

तो वाईट माणूस नाही. त्याचा व्हिसा साहेबांच्या सहीवर आहे. तो घाबरतो. मीही घाबरत होते.

दुसऱ्या दिवशी पोर धावत बीबीकडे गेली. मी मागोमाग. बीबी खजुरातल्या बिया काढत बसली होती. "बीबी, मेरा नाम अभी सिया है."

बीबीचे हात थांबले. तिने पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. "सिया," ती म्हणाली. "झैन," आधी अरबीत, मग हिंदीत, "अच्छा है." आणि परत बिया काढायला लागली. तिच्या मुलाने जे केलं होतं, ते आता आमच्या घरातूनही झालं. तिने एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त त्यानंतर पोरीला तिने नावाने हाक मारली नाही. नुसतं 'बेटी' म्हणायची.

थंडीत बीबी आजारी पडली. सोहारच्या इस्पितळात नेली ती परत आली नाही.

घरात बायका शोकाला बसल्या होत्या. मी पोरीला घेऊन गेले. खाबुऱ्याहून बीबीची भाची आली होती. तिने पोरीची हनुवटी उचलली. "यही है? सिकुदानी?"

"नो," पोर म्हणाली. "सिया."

भाचीने हात मागे घेतला. मग मला हळूच सांगितलं, शेवटच्या दिवसांत बीबी सारखी सिकुदानी, सिकुदानी करत होती. घरच्यांना वाटलं, आईला बोलावतेय.

आईला बोलावत होती की माझ्या पोरीला? मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. मी भिंतीला टेकून बसले आणि माझं पहिलं बाळ गेलं तेव्हा रडले होते तशी रडले. पाठीवर हात ठेवायला या वेळी कोणी नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मॅडमचा फोन आला. मुलांचं नाटक बसवत होत्या. "सियाला घेतेय मी. छोटासा रोल आहे. रिहर्सलला आणशील ना?"

"मॅडम, सिया नावाची मुलगी आमच्या घरात नाही."

"अगं, तुझी मुलगी!"

"माझ्या मुलीचं नाव सिकुदानी."

त्या हसल्या. "अजून तेच धरून बसलीस? मी तिच्या भल्याचंच सांगते. थांब, मी साहेबांना सांगते तिच्या बाबांशी बोलायला."

नवऱ्याचा व्हिसा डोळ्यांसमोर आला. तरी बोलले. "सांगा. पण नाव मी ठेवलंय. एक मूल पुरल्यावर ठेवलंय. तुम्ही ते माइकवरून काढून घेतलंत. विचारलंतही नाही. तुमच्यात असं चालत असेल. आमच्यात आता चालणार नाही."

पलीकडून फोन बंद.

नाटकात पोरीला घेतलं नाही. नवऱ्याला खाबुऱ्याच्या पलीकडच्या साइटवर टाकलं. आता पहाटे निघतो. तो माझ्यावर चिडला, आठवडाभर नीट बोलला नाही. मग एक दिवस दारातून पोरीला हाक मारली, "सिकुदानी, माझी पाण्याची बाटली दे." तेवढंच. मॅडमचे फ्रॉक मी धुऊन, इस्त्री करून परत पाठवले.

पण पोर अजून ओ देत नाही. सिकुदानी म्हटलं की कानावर हात ठेवते. वहीवर सिया लिहिते. "लोक हसतात," म्हणते. मला माहीत आहे, हसतात. तिला खोटं सांगून मी समजावत नाही. थोडी मोठी झाली की सगळं सांगणार आहे. बीबीचं, तिच्या भावाचं, कचरू आजोबांचं, मडक्याचंही. काहीही लपवणार नाही.

तोवर मी हाक मारणार. घरात, बाजारात, शाळेच्या दारात, त्या हॉलच्या दारातसुद्धा. पूर्ण नावाने. मोठ्याने. तिने रागावून तोंड फिरवलं तरी मारणार. हसणाऱ्यांना हसू दे. माझा आवाज खाली येणार नाही.