समताप रेषा

माझी मुलगी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून समताप रेषा काढत होती. सारखं तापमान असलेली ठिकाणं जोडत तिची पेन्सिल आमच्या गावावरून सुळकन पुढे गेली आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"दोन ठिकाणांच्या मधलं कसं कळतं गं?"

"ते अंदाजाने काढायचं, बाबा. फक्त रेषा एकमेकींना छेदता कामा नयेत, असं बाईंनी सांगितलंय."

म्हणजे भांडण दिसू द्यायचं नाही! या 'सम' शब्दावर माझा कधीच विश्वास बसला नाही. समदाब रेषेवर म्हणे दाब सगळीकडे सारखा. सोसणाऱ्याला कोणी विचारलंय? वायूचं आकारमान न बदलता तो तापवत नेला, तर त्याचीही रेषा निघते, सम-आयतन रेषा. तिच्यावर जागा तेवढीच राहते आणि आतल्या आत दाब वाढत जातो.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. बायको आत पोळ्या करत होती. गॅसची ज्योत फडफडते म्हणून तिथला पंखा अशा वेळी बंदच असतो. ओढणीने मान पुसत ती दारात आली.

"आपलं घर कुठे आलं यात?"

मुलीने रेषेवर बोट ठेवलं. "इथे. या रेषेवर सगळीकडे सारखंच तापमान."

"हो का?" एवढंच म्हणून ती तव्याकडे परत गेली.

आमच्या डोक्यावर पंखा गरगरत होता. नकाशा उडू नये म्हणून त्याचा कोपरा मीच दाबून धरला होता.