गुप्त्यांची पसंती

श्रीरंग गुप्त्यांना साड्यांतलं कळतं, हे त्यांच्या ठाण्यातल्या सगळ्या गोतावळ्याला मान्य होतं. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांची उभी हयात गेली, पण तिथं ते नेमकं काय करत हे त्यांच्या सख्ख्या मेहुण्यालाही सांगता आलं नसतं. कुणाच्या लग्नाचा बस्ता बांधायचा ठरला की मात्र पहिला फोन त्यांना जायचा. नौपाड्यातल्या दुकानात ते गादीवर टेकले की मालक स्वतः उठून आतला गठ्ठा काढायचा. गुप्ते फार बोलत नसत. एखादा पदर दोन बोटांत धरून नुसते "हं" म्हणाले, की बायका ती साडी बाजूला ठेवत.

वासंतीबाईंच्या साड्याही लग्न झाल्यापासून तेच आणत. नवी साडी नेसून त्या समोर येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "कसं दिसतंय?" गुप्ते पेपर खाली ठेवून बघायचे, मान हलवायचे. ते कुणाला बोलून दाखवत नसत, पण दिवाळीची वाट ते त्या प्रश्नासाठीच बघायचे.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर वासंतीबाई म्हणाल्या, "अहो, यंदा साडी नका आणू. माझं मी बघीन."

"बघीन म्हणजे?"

"म्हणजे व्हेरोनिकाबरोबर जाईन कुठंतरी."

व्हेरोनिका आणि वासंतीबाई एकाच शाळेत शिकवून पाठोपाठ निवृत्त झालेल्या. व्हेरोनिका चरईत राहायची. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, मुलगा परदेशात. आखूड कापलेले केस, खणखणीत आवाज आणि हसली की समोरच्याला दोन पावलं मागं सरावंसं वाटावं असं हसणं. तिला दुकानं कुठून सापडत, देव जाणे. नौपाड्यात बंद पडलेल्या दवाखान्याच्या माडीवर कुणी ठसे मारून कुडते विकत होतं, ते तिला ठाऊक. कोपरीत एका गॅरेजमध्ये एक मुलगी डूल बनवायची, तेही ठाऊक. शहाडला स्टेशनबाहेर परदेशी जाता जाता राहिलेल्या कपड्यांचे ढीग कुठल्या वारी फुटतात, याचीसुद्धा तिला खबर असायची.

पहिल्याच फेरीहून वासंतीबाई आल्या त्या एका कानात मासा आणि दुसऱ्या कानात होडी घालून.

"दोन्हींतलं एकेक हरवलं का गं?" गुप्त्यांनी विचारलं.

"असंच असतं ते."

"असं कसं असेल? जोड म्हणजे जोड."

पुढच्या वेळी चौकड्यांच्या लुगड्याचं जाकीट आलं. वासंतीबाईंनी ते साडीवर चढवलं आणि दोन्ही हात खिशांत घालून त्या उभ्या राहिल्या. "बघा, मोबाइलपण मावतो. कसं दिसतंय?"

लुगडं जुनं होतं, पण रंग पक्का होता. तिच्या खांद्यांवर ते असं बसलं होतं की गुप्त्यांच्या ओठांवर "हं" आलंच होतं. पण ते आपण आणलेलं नव्हतं. व्हेरोनिकानं ते आधीच पाहिलं होतं, ती हसली असेल, तिनं टाळीसुद्धा दिली असेल.

"बरंय," ते म्हणाले. "बसच्या कंडक्टरसारखी दिसतेस."

वासंतीबाई आत गेल्या आणि जाकीट काढून आल्या.

त्यानंतर घरात नवं काही येईना. वासंतीबाई आठवड्यातून एकदा व्हेरोनिकाबरोबर जायच्या आणि हात हलवत परत यायच्या. गुप्त्यांना आधी बरं वाटलं. उतरलं एकदाचं ते खूळ, ते मनात म्हणाले. पण वासंतीबाई परत यायच्या त्या गुणगुणत. चहा टाकताना आपल्याशीच हसायच्या. रिकाम्या हातानं बाजारातून इतकं खूश होऊन कुणी येत नाही, हे बाजार जाणणाऱ्या गुप्त्यांना कळत होतं, आणि ते कळण्यानं त्यांचा जेवणातला रस जात होता.

एकदा त्या फोनवर बोलत असताना त्यांनी ऐकलं, "डोंबिवलीची समृद्धी ना? रामनगरात, दुसरा मजला. घरातच आहे तिचं बुटीक. दार उघडं असतं, सरळ आत जायचं." पुढं सांगितलेलं बिल्डिंगचं नाव गुप्त्यांनी लक्षात ठेवलं. त्यांना वाटलं, आपणच जावं. त्या व्हेरोनिकाच्या बापजन्मात नजरेला पडलं नसेल असं काहीतरी हुडकून वासंतीच्या पुढ्यात टाकावं.

दुसऱ्या दिवशी बँकेत जातो म्हणून ते डोंबिवलीला गेले. दुसऱ्या मजल्यावर एक दार बंद होतं. समोरचं सताड उघडं, बाहेर चपलांचा ढीग. आत दिवाणावर साड्या मांडलेल्या आणि भोवती बायका. गुप्त्यांनी बूट काढले.

"या, या, बसा!" एक ठसठशीत बाई लगबगीनं पुढं आल्या. "पाणी आणा गं."

फारच अगत्याचं दुकान, गुप्त्यांना वाटलं. त्यांनी सवयीनं एका जांभळ्या साडीचा पदर दोन बोटांत धरला. "ही केवढ्याला?"

सगळ्या बायकांच्या माना वळल्या.

"किंमत कशाला विचारता, भाऊ?" बाईंचा आवाज बदलला. "विहीणबाईंच्या मानाची आहे. तुम्हाला हलकी वाटतेय का?"

"हलकी नाही," गुप्ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पण जरीला उठाव नाही. त्यापेक्षा ती मोरपंखी बघा."

"मी सांगत नव्हते, मंजुळामावशी?" कोपऱ्यातली एक मुलगी उसळून म्हणाली. "मोरपंखीच द्या म्हणून!"

"ऋतिका, नवऱ्या मुलीनं मध्ये बोलू नये."

पण मग दुसरीनं एक साडी पुढं केली, तिसरीनं आणखी एक. गुप्ते "हं" म्हणत गेले आणि साड्यांचे ढीग बदलत गेले. मध्येच कुणी शिऱ्याची बशी हातात दिली. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. बशी संपवून ते म्हणाले, "ती मोरपंखी बांधून द्या. मला न्यायचीय."

"तुम्ही नेणार?" मंजुळाबाई बघतच राहिल्या. "तुम्ही मुलाकडचे कोण म्हणायचे?"

"मी गिऱ्हाईक. ठाण्याहून आलोय."

बायका इतक्या हसल्या की समोरचं बंद दार उघडलं. "बुटीक तिथंय, काका!" ऋतिका डोळे पुसत म्हणाली. "इथं लग्न आहे माझं."

समोरच्या दारातली समृद्धी गुप्त्यांना आत घेऊन गेली. नाव ऐकल्यावर तिचा चेहरा उजळला. "वासंतीकाकूंचे मिस्टर? मग त्यांचं पार्सल तुमच्याकडेच देते ना." मग ती थबकली. "नको. त्या व्हेरोनिकामॅडमकडंच पाठवायला सांगतात."

"तिच्याकडे कशाला?"

"तसं काही नाही, काका."

"सांग ना."

समृद्धी टेबलावरची टेप गुंडाळायला लागली. "काकू म्हणतात, घरी नेलं की मिस्टरांचं तोंड उतरतं. म्हणून सगळं तिकडंच असतं. मॅडमच्या कपाटात."

गुप्त्यांनी तिथं काही घेतलं नाही. परतीच्या वाटेवर त्यांच्या डोळ्यांपुढून ते कपाट हलेना. म्हणजे वासंती तिथं जाऊन कपडे बदलते. तिथल्या आरशात बघते. आणि "कसं दिसतंय?" हे व्हेरोनिकाला विचारते. चिडायचं कुणावर ते त्यांना ठरवता येईना, म्हणून ते स्टेशनवरून घरी न जाता थेट चरईत गेले.

"मिस्टर गुप्ते?" व्हेरोनिकानं दार उघडलं. "वासंती नाही आलेली आज."

"माहितेय. तिचे कपडे न्यायला आलोय."

व्हेरोनिकानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नेऊन काय करणार? परत कंडक्टर म्हणणार?"

"सांगितलं वाटतं तिनं."

"सांगितलं? रडली ती इथं बसून."

आतल्या खोलीत जाऊन तिनं कपाट उघडलं. "घ्या. अर्धं कपाट खाल्लंय तुमच्या बायकोनं. आमच्या साहेबांचे सूट वाटून टाकले ना, तेव्हा रिकामं पडलेलं. तिनं भरलं." तिनं एकेक कपडा नीट घडी करून पिशव्यांत भरला, आणि शेवटी त्या रिकाम्या कप्प्यावरून हात फिरवला. गुप्त्यांना तिचं वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण हे सगळं हिनं आपल्याआधी पाहिलंय, हेच त्यांच्या मनात राहिलं.

पलंगावरच्या पिशव्या बघून वासंतीबाईंचा चेहरा पडला. "तिकडं गेला होता तुम्ही?"

"हो. आता घालून दाखव."

"आणि तुमचं तोंड?"

"त्याचं मी बघतो."

त्या पलंगाच्या कडेला टेकल्या, एक पिशवी पुढं ओढली. मग उठल्या. पिवळा कुडता झाला, पितळी बटणांचा झगा झाला. गुप्ते जबडा आवळून बसले होते. मग पांढऱ्या सुती साडीवर त्या एक लांब कोट घालून आल्या. निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा, कडेला लाल टीप.

"हे गादीचं कापड ना?" गुप्ते पुढं झुकले.

"हो. कल्याणच्या गादीवाल्याकडून आणलं मी. समृद्धीकडून शिवून घेतलं."

"व्हेरोनिकानं सुचवलं?"

"ती? ती म्हणाली, बाई, यात कापूस भरून झोपवतील तुला!" वासंतीबाई हसल्या. "कुणीच चांगलं म्हणत नव्हतं. मलाच दिसत होतं."

गुप्ते बघत राहिले. जन्मभर आपण पदर बोटांत धरले, आणि ही नजर घरातच होती. हिला कधी कुणी बस्त्याला विचारलं नाही. आपणही नाही. व्हेरोनिकाचा मत्सर करणं सोपं होतं. हा मत्सर खोलवर कुठंतरी लागला.

"उतरलं बघा तोंड," वासंतीबाई कोटाचं बटण काढायला लागल्या.

"उतरू दे. काढू नकोस," गुप्ते म्हणाले. "मला हे कधी सुचलं नसतं, म्हणून उतरलंय."

वासंतीबाईंचा हात बटणावरच थांबला. मग त्यांनी ते परत लावलं, आणि तो कोट अंगात ठेवूनच पुढची पिशवी उघडली.