गिरजाबाईचा मुराळी

दिवेलागण झाली की गिरजाबाई गाठोडं बांधायला घेई आणि इकडे तिची सून पंचफुला हातातलं काम टाकून दाराशी येई. गाठोड्यात दुसरं काय असणार? एक हिरवं लुगडं, मूठभर लाखोळीची डाळ आणि फणी. ते काखेत मारायचं आणि सुनेला विचारायचं, "का व, सेवकराम आला का मले न्यायले?"

सेवकराम म्हणजे गिरजाबाईचा धाकटा भाऊ. नदीपलीकडच्या कारध्याचा. दर दिवाळीनंतर बंडी जुंपून बहिणीला माहेरी न्यायला यायचा, म्हणजे तिचा मुराळी. माणूस जिवाला जीव देणारा होता, पण त्याला मरून जमाना झाला होता. कारध्याचं घरसुद्धा विकून टाकलेलं.

पंचफुला सुरुवातीला खरं ते सांगायची. आपल्याकडे तीच तर शिकवण! "आत्याबाई, मामाजी केव्हाचेच मेले ना! तुमीच गेल्या होत्या मातीले." एवढं ऐकलं की म्हातारी मटकन खाली बसे, ऊर बडवून घेई. "मले कोणीच काहून नाही सांगतलं व!" ते रडणं काही जुनं नव्हतं हो, त्याच दिवशीचं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठोडं, पुन्हा प्रश्न, पुन्हा तेच. त्या घरात रोज एक मयत होत होती आणि ती करणारी आपणच, हे पंचफुलाच्या ध्यानात यायला वर्ष गेलं.

गावानं उपाय सांगण्यात कसूर केली नाही. फुकटचे सल्ले द्यायला कुणाचं काय जातं? कोणी म्हणालं बाहेरचं लागलं. मग लिंबू झालं, धुरी झाली, आणि धुरीनं बिचारी अशी भेदरली की चार दिवस तिनं भाताला हात लावला नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि वय झालं म्हणून सांगितलं. वय झालं हे तर गोठ्यातल्या म्हशीलाही दिसत होतं!

त्यातच पावसाळा सरता सरता एक दिवस म्हातारी नदीवर गेली. वैनगंगा अजून फुगलेलीच होती. तेजराम, म्हणजे पंचफुलाचा नवरा, धावत पोचला तेव्हा त्याची माय गुडघाभर पाण्यात उभी राहून पलीकडच्या काठाला हाका मारत होती. तेजरामनं तिला उचलून आणली. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला जाऊन त्यानं कुलूप आणलं आणि खुंटीला टांगलं.

"आता एक डाव माय अशी गेली ना," तो बायकोला म्हणाला, "का मी तिले ढोरांच्या कोठ्यात ठेवीन अन् कुलूप लावीन. मंग मले कोणी काई म्हणो."

"जनावर हाये का ते?"

"ते मरून गेली तर चालते तुले?"

तेजराम वाईट नव्हता. भ्यालेल्या माणसाचा हात आधी कुलपाकडेच जातो, एवढंच. पण त्या दिवसापासून पंचफुलाला खुंटीकडे बघवेना. पाण्याला गेली तरी जीव घरात, घरात असली तरी जीव दारात. कोंढ्याला तिचं स्वतःचं माहेर होतं. तिचा भाऊ दोनदा येऊन हात हलवत परत गेला. "म्हातारीले कोण पाहीन?" एवढंच ती म्हणाली, आणि भावानंही मान हलवली.

एकदा निर्मलाबाई नर्स लेकरांना सुया टोचायला आली. गिरजाबाईनं तिलाही विचारलं, सेवकराम दिसला का वाटेत? पंचफुला तोंड उघडणार तेवढ्यात नर्सबाई म्हणाली, "नाही दिसला व माय. कसा दिसते तो?" आणि म्हातारी खुलली! भावाच्या मिशा, भावाचा फेटा, भावाचे बैल. डोळ्यांतून टिपूस नाही.

अंगणात आल्यावर नर्सबाई म्हणाली, "माह्या बाबाचं असंच झालं होतं. औषध नाही याले. पण मले एक सांग, खरं सांगून तुले काय भेटते?"

"मंग काय खोटं बोलू?"

"कायले बोलतं खोटं? तिच्याजवळ बस, भाऊ कसा होता ते विचार. हाताले काम दे. गल्लीतल्या बायांले सांगून ठेव, लपवू नको. अन् तू जरा झोपत जाय व, डोळे पाह्य आपले."

झोप म्हणून सगळेच सांगतात. कशी, ते कोणी सांगत नाही. पण बाकीचं पंचफुलानं मनावर घेतलं. त्या संध्याकाळी ती सासूपाशी टेकली. "आत्याबाई, मामाजी नाही आले तर तुमी एकट्याच निघान का?"

गिरजाबाई अशी चिडली! "मुराळ्याबिगर? लेकीनं कोणी न्यायले आल्याबिगर माहेरी जाव? पोरीले कोणी इचारत नाही म्हणन ना गाव!"

पंचफुला बघतच राहिली. सगळं विसरली होती म्हातारी, पोटच्या पोराला ओळखेनाशी झाली होती, पण लेकीनं मुराळ्याशिवाय उंबरा ओलांडू नये, ही रीत तिच्या हाडात शाबूत होती. नदीवर गेली ती माहेरी जायला नव्हे, भावाला हाक मारायला.

मग काय! "मुराळी आला नाही अजून, आत्याबाई. तवरक लाखोळी निसून ठेवा, मामाजीले देऊ वाटेले." म्हातारी सूप घेऊन दारात बसे आणि खडे वेचे. डाळ निवडून झाली की पंचफुला आत नेऊन त्यात पुन्हा खडे मिसळी आणि आणून ठेवी. शेजारची सुलोचनाबाई हसून हसून बेजार. "तुले काम नाही का व दुसरं?" पण गल्लीतल्या साऱ्या जणी येता-जाता म्हणू लागल्या, "येऊनच राहिला असन तुमचा मुराळी." गिरजाबाईचं रडणं थांबलं. पंचफुलाच्या मनातली धाकधूक मात्र थांबली नाही. सगळं इतकं बरं चाललंय, म्हणजे कुठंतरी काहीतरी बिघडणारच, असं तिला वाटत राही.

आणि बिघडलंच. दिवाळी होऊन गेली होती. पंचफुला खळ्यावर तेजरामला भाकर द्यायला गेली. परत येऊन बघते तो दारात सूप उपडं, डाळ सांडलेली आणि गाठोडं गायब.

"अवो, आत्याबाई!" ती ओरडत नदीकडे सुटली. ओरडा ऐकून खळ्यावरून तेजरामही धावला. काठावर कोणी नाही. पाणी संथ होतं, आणि तेच जास्त भ्याव दाखवत होतं. तेजराम काठाकाठानं पाण्यात बघत चालला होता. मी मुराळ्याची आशा लावली, मीच मारलं त्यांना, असं पंचफुलाला वाटलं आणि ती वाळूतच बसली.

तेवढ्यात सुलोचनाबाईची नवी सून सत्यवती धापा टाकत आली. "अवो काकी, आजी तर गेली ना मुराळ्यासंग! फेटेवाला होता, बंडी घेऊन. मीच तर गाठोडं चढवून देल्लं!"

त्या पोरीला कुठं ठाऊक, मुराळी स्वर्गात बसलाय म्हणून! सगळी गल्ली म्हणायची येईल, तर तिनंही धरलं की आला.

तेजरामनं सायकल काढली, पंचफुला मागं बसली आणि दोघं पूल ओलांडून कारध्यात शिरली. बंडीवाला चौकातच भेटला. भैय्यालाल त्याचं नाव, बाजार करून परतताना बैलांना पाणी पाजायला थांबला होता. "आता म्हातारी बाई गाठोडं घेऊन म्हणते, 'भाऊ, आला का?' माहेरी निघालेल्या बाईले नाही कसा म्हणू, राजेहो? तिनं दाखवलं त्या घरी उतरवून देल्लं."

सेवकरामच्या जुन्या घरात आता शकुंतलाबाई राहत होती. गिरजाबाई ओट्यावर बसली होती आणि ती अनोळखी बाई, माहेरवाशिणीचे धुवावेत तसे तिचे पाय धूत होती. विचारपूस करायचं तिनं नंतरवर ठेवलं होतं.

पंचफुलाला हसावं की रडावं कळेना. तेजरामकडे बघायची तिला भीती वाटली. कुलूप खुंटीलाच होतं.

गिरजाबाईनं पोराकडे पाहिलं. "सेवकराम! कुठं गेला होता रे?"

एरवी तेजराम म्हणायचा, मी तुझा पोरगा हाये, भाऊ नाही. आजही ओठ हलले त्याचे. मग तो खाली बसला, मायच्या ओल्या पायांवर त्यानं हात ठेवला आणि म्हणाला, "इथंच होतो, बाई. आलो ना."

"मंग आता एक काम कर." म्हातारीनं पंचफुलाकडे बोट दाखवलं. "या बाईले तिच्या घरी पोचवून दे. लय दिवसाची दारात बसून हाये बिचारी. हिले न्यायले कोणीच नाही आलं." आणि गाठोडं सोडून तिनं ते हिरवं लुगडं पंचफुलाच्या हातात कोंबलं.

पंचफुला तिथंच, परक्या अंगणात, हमसून हमसून रडली. तेजरामनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

चार दिवसांनी त्यानं कोंढ्याला निरोप धाडला. पंचफुलाचा भाऊ आला. ती हिरवं लुगडं नेसून निघाली खरी, पण दहा पावलांत तीनदा मागं वळली. डाळ कुठं, खडे कुठं, हे तिनं नवऱ्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. कुलूप धानाच्या कोठीला लागलं होतं.

"कोण होती रे ते बाई?" गिरजाबाईनं विचारलं.

"घरचीच हाये."

"लय चांगली होती. येईन ना वापस?"

"येईन," तेजराम म्हणाला आणि सुपाशी खडे वेचायला बसला.

पंचफुला माहेरी होती तोवर म्हातारीनं सेवकरामचं नाव काढलं नाही. दिवेलागणीला ती दारात येऊन बसे, रस्त्याकडे बघे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी, "हिरव्या लुगड्यातली बाई दिसली का व कुठं?"