तालमीच्या पायरीवर भरलेला फॉर्म

मंडळी, आज डोकं जाम फिरलंय.

दर रविवारी आम्ही पेठेतल्या तालमीच्या हॉलमध्ये कोल्हापुरात नवीन आलेल्यांचे शाळेचे, रेशनचे फॉर्म भरून देतो. आज दाराला कुलूप! तालीम सांभाळणारे तात्या म्हणाले, "भायेरच्यांची गर्दी नको हितं."

ओडिशाहून आलेली सस्मिता लेकीच्या शाळेचा दाखला हातात धरून उभी.

मी म्हटलं, "तात्या, गडहिंग्लजहून पैलवानकी करायला आलासा, तवा ह्याच तालमीत झोपत हुतासा की!"

तात्यांनी किल्ली खिशात टाकली. कुलूप तसंच.

मग पायरीवरच बसून सस्मिताच्या लेकीचा फॉर्म भरला. पुढच्या रविवारीही तिथंच बसणार. कुणाला उठवायचं असंल त्यानं यावं.

तुमच्या घरातलं पहिलं माणूस कोल्हापुरात आलं, तेव्हा त्याला दार कुणी उघडलं होतं? खरं सांगा.